स्वस्त ब्रायर पाइप घेण्याजोगा आहे का? तपासणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

स्वस्त ब्रायर पाइप, म्हणजे ब्रायर नावाच्या लाकडाचा तंबाखू ओढायचा पाइप, निवडताना बहुतेक जण तपासणी उलट्या क्रमाने करतात. आधी आकार आवडतो, मग लाकडावरच्या रेषा आवडतात, हातात घेतल्यावर वजन बरे वाटते आणि तेवढ्यावर सौदा होतो. धूर ज्या वाटेने येणार ती वाट मात्र कोणी पाहत नाही. थोड्याच दिवसांत पाइप गुरगुरू लागतो, तळाशी ओली तंबाखू उरते, जीभ चुरचुरते आणि दोष तंबाखूला किंवा स्वतःच्या सवयीला दिला जातो.

पाइपची किंमत नेमकी कशामुळे कमी झाली आहे, हे शोधणे हा या संपूर्ण तपासणीचा हेतू आहे. लाकडात बारीक खड्डे होते, रेषा देखण्या नव्हत्या किंवा घडण यंत्रावर झाली म्हणून पाइप स्वस्त असेल, तर तो निःशंकपणे घ्यावा. भोके पाडताना आणि सांधा जुळवताना घाई केली म्हणून तो स्वस्त असेल, तर ती बचत फसवी आहे. यासाठी पुढचा क्रम आतून बाहेर जाणारा ठेवला आहे, म्हणजे चकाकीवर भाळण्याआधीच निकाल हाती येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतोच. चांगला पाइप निवडल्याने हा धोका टळत नाही आणि फिल्टर लावल्यानेही धूर निर्धोक होत नाही. हा लेख त्या प्रौढ वाचकांसाठी आहे ज्यांनी पाइप घेण्याचे ठरवलेलेच आहे, किंवा जे केवळ संग्रहासाठी घेतात.

## तयारी

दोन-तीन पाइप क्लीनर (पाइपची नळी साफ करायच्या मऊ केसांच्या लवचिक तारा), लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, काडेपेटीतली एक काडी आणि पांढरा सुती रुमाल एवढे साहित्य जवळ ठेवावे. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच.

पुढे वारंवार येणारे शब्द असे आहेत. तंबाखू भरायचा भाग म्हणजे बाउल आणि त्याच्या आतली जागा म्हणजे पोकळी. बाउलपासून निघणारा लाकडी भाग म्हणजे दांडा. दांड्यात बसणारी, तोंडात धरायची नळी म्हणजे स्टेम. स्टेमचे जे निमुळते टोक दांड्यातल्या खोबणीत शिरते तो टेनन, आणि पोकळीपासून ओठांपर्यंत जाणारा सलग मार्ग म्हणजे धूरवाट.

पाइप प्रत्यक्ष हाताळता येणार नसेल, तर विक्रेत्याकडून पाच फोटो मागवावेत: वरून सरळ पोकळीत डोकावणारा, दोन्ही बाजूंनी एक-एक, स्टेम काढून टेनन आणि खोबण दाखवणारा, आणि ओठांकडच्या टोकाचा. सजवलेल्या एकाच फोटोवर पाइप विकणाऱ्याकडून हे फोटो मिळाले नाहीत, तर निर्णय तिथेच झाला असे समजावे.

इशारा: तपासणी पूर्ण होईपर्यंत पाइपमध्ये तंबाखू भरू नये. एकदा पेटवलेला पाइप सहसा कोणी परत घेत नाही.

## टप्पा १: लाकूड ब्रायरच आहे का?

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राच्या परिसरातील झुडपाच्या बुंध्याशी, मूळ आणि खोड यांच्या मध्ये वाढणारी गाठ. ही गाठ कापून ठोकळे करतात, ते बराच वेळ उकळून त्यातला चीक आणि टॅनिन काढतात आणि मग महिनोन्महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे वाळवतात. उष्णता सोसण्याचा आणि ओल शोषण्याचा गुण या लाकडात आहेच, पण वाळवण्यात कसूर झाली तर तोच पाइप सुरुवातीचे बरेच दिवस कडवट लागतो. स्वस्त पाइपमध्ये ही कसूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा विचार शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावा.

आत्ता एवढेच पाहायचे की विक्रेता ‘ब्रायर’ हा शब्द स्पष्टपणे वापरतो की ‘अस्सल लाकूड’, ‘नैसर्गिक लाकूड’ अशा शब्दांवर भागवतो. नासपतीच्या लाकडाचे पाइपही चांगले असू शकतात, परंतु ते ब्रायरच्या मानाने लवकर जळतात आणि त्यांना ब्रायरची किंमत देण्याचे कारण नाही. शंका असल्यास स्टेम काढून खोबणीच्या तोंडाशी टॉर्च धरावा. तिथे सहसा रंग पोहोचलेला नसतो, त्यामुळे लाकडाचा मूळ पोत दिसतो. बाहेरून जाड, अपारदर्शक रंग आणि आतून फिकट, भुसभुशीत लाकूड असे दिसले तर पाइप खाली ठेवावा.

## टप्पा २: स्टेम न काढता धूरवाट तपासणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. पाइप जोडलेल्या अवस्थेतच ओठांकडच्या टोकातून पाइप क्लीनर आत सरकवावा. सरळ किंवा किंचित वाकड्या पाइपमध्ये तो न अडखळता पोकळीच्या तळाशी बाहेर यायला हवा. मध्येच अडला तर किती अंतरावर अडला ते बोटाने धरून ठेवावे, क्लीनर बाहेर काढून पाइपच्या बाजूला लावून पाहावा. अडथळा बहुधा टेनन संपतो त्याच जागी सापडतो, म्हणजे स्टेमचे भोक आणि दांड्याचे भोक एका रेषेत नाहीत. धूर त्या पायरीवर आदळतो, थंड होतो, त्यातली वाफ तिथेच पाण्यात बदलते आणि गुरगुर सुरू होते. ओढण्याची पद्धत कितीही सुधारली तरी ही गुरगुर जात नाही.

पूर्ण वाकलेल्या पाइपला ही कसोटी तंतोतंत लावणे अन्यायाचे ठरेल, कारण तिथे दोन भोके कोनात मिळतात आणि चांगल्या पाइपमध्येही क्लीनर कधी कधी अडतो. तरीही माझे मत असे की पहिला स्वस्त पाइप सरळ किंवा थोडाच वाकलेला असावा. वाकलेल्या पाइपमध्ये अचूक भोक पाडणे अवघड असते, आणि कमी किमतीत अवघड काम नीट झालेले क्वचितच मिळते.

यानंतर रिकाम्या पाइपमधून हलकेच हवा ओढावी. शीतपेयाच्या नळीतून ओढताना लागतो तेवढाच, किंबहुना त्याहून थोडा कमी, जोर पुरेसा असावा. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर वाट कुठेतरी आवळली आहे. धूरवाट साधारण ३.५ ते ४ मिलिमीटर व्यासाची असते. ती यापेक्षा बरीच बारीक असेल तर माणूस नकळत जोरात ओढतो आणि पाइप तापतो.

पडताळणी: क्लीनर पोकळीतून बाहेर आला का? ओढताना आवाज आला का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असेल, तर सरळ पाइपच्या बाबतीत पुढे तपासण्याची गरज उरत नाही.

## टप्पा ३: सांधा

स्टेम बसलेली असतानाच पाइप उजेडासमोर धरावा आणि दांडा व स्टेम मिळतात ती रेषा सर्व बाजूंनी पाहावी. फटीतून उजेड दिसू नये. सांध्यावरून नख फिरवल्यास ते थोडे अडखळले तर हरकत नाही, कारण यंत्रावर घडवलेल्या पाइपमध्ये एवढी विसंगती असतेच. मात्र एका बाजूला स्पष्ट पायरी जाणवत असेल तर टेनन तिरका बसवला असण्याची शक्यता असते.

आता एका हाताने दांडा, बाउल नव्हे, घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने स्टेम एकाच दिशेने फिरवत बाहेर काढावी. स्टेम ताठ पण गुळगुळीत फिरायला हवी. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगते आणि सुकल्यावर आकसते, त्यामुळे थोडी घट्ट किंवा थोडी सैल स्टेम हा मोठा दोष नाही. करकर आवाज करणारी स्टेम मात्र जबरदस्तीने काढू नये. टेनन तुटला तर दुरुस्ती पाइपच्या किमतीएवढी जाईल.

इशारा: वापरलेला पाइप गरम असताना स्टेम कधीही काढू नये. टेनन तुटण्याचे आणि दांड्याला तडा जाण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

स्टेम बाहेर आली की काडीचे काम. काडीची गुल नसलेली बाजू खोबणीच्या कडेकडेने आत घालून शेवटच्या भिंतीला टेकवावी, दांड्याच्या तोंडापाशी नखाने खूण करावी आणि ती लांबी टेननच्या लांबीशी ताडून पाहावी. फरक १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर दुर्लक्ष करावे. तो ३-४ मिलिमीटर असेल, तर तेवढी रिकामी जागा दर वेळी पाण्याने आणि किटणाने भरणार हे निश्चित. हा दोष स्वस्त पाइपमध्ये फार आढळतो आणि जवळजवळ कोणीच मोजत नाही. याला अपवाद दोन. पीटरसन या पाइप कंपनीच्या सिस्टिम पाइपसारख्या रचनेत ओल साठवण्यासाठीच जागा ठेवलेली असते. दुसरा अपवाद ९ मिलिमीटर फिल्टरच्या पाइपचा. तिथे फिल्टर किंवा त्याच्या जागी अडॅप्टर बसवूनच तपासणी करावी, नाहीतर टप्पा २ मधली ओढसुद्धा चुकीची वाटेल. असा पाइप घ्यायचा तर फिल्टर पुढे सतत मिळतील का, याची चौकशी आधी करावी.

## टप्पा ४: पोकळी

टॉर्च पोकळीत सरळ वरून धरावा. तीन गोष्टी पाहायच्या आहेत आणि त्यांतल्या पहिलीला सर्वाधिक महत्त्व आहे.

धुराचे भोक कुठे उघडते? ते तळाला लागून आणि मधोमध असावे. तळापासून २-३ मिलिमीटर वर असेल तर त्याखालची तंबाखू नीट जळत नाही, तिथे ओला गाळ राहतो आणि लाकूड आंबूस होते. एका बाजूला सरकलेले असेल तर तंबाखू वाकडी जळते आणि एकच भिंत तापत राहते. थोडे उंच भोक सुधारता येते: राख आणि पाण्याचा घट्ट लगदा तळाशी भरून पूर्ण वाळू दिला की तळ वर येतो. बाजूला गेलेले भोक मात्र सुधारत नाही.

भिंत किती जाड आहे? पोकळी मध्यावर आहे का हे वरून काठाकडे पाहून कळते. एका बाजूचा काठ दुसरीपेक्षा ठळकपणे पातळ असेल तर पोकळी सरकलेली आहे. पोकळीचा व्यास बहुधा १८ ते २० मिलिमीटर आणि खोली ३० ते ४० मिलिमीटर असते. भिंतीची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असली म्हणजे निश्चिंत राहता येते. त्याहून बरीच कमी असलेला बाउल नवख्याच्या हाती लवकर तापतो. तळाची जाडी कळण्यासाठी बाउलची बाहेरची उंची मोजून त्यातून आतली खोली वजा करावी. देखण्या, बसक्या आकाराच्या पाइपमध्ये तळच पातळ निघतो आणि जळून भोक पडते तेव्हा तेही बहुधा तिथेच.

आत लेप आहे का? पुष्कळ कारखाने पोकळीत काळा लेप देतात. त्याने सुरुवातीला लाकडाचे रक्षण होते आणि पहिले काही दिवस सुसह्य होतात, त्यामुळे लेप असणे हा दोष नाही. परंतु लेपाखाली खड्डा किंवा चीर झाकलेली असू शकते. म्हणून बोट आत घालून भिंत चाचपावी आणि खोलगट भाग लागल्यास तिथे टॉर्च तिरका धरून पाहावे. पोकळीत लेपाऐवजी चकचकीत रंग किंवा वार्निश ओघळलेले असेल, तर तो पाइप घेऊच नये, कारण तो रंग तंबाखूबरोबर जळणार आहे.

## टप्पा ५: ओठांकडचे टोक

स्वस्त पाइपची खरी ओळख बऱ्याचदा इथेच पटते. दातांत धरायच्या जागी स्टेमची जाडी ४ मिलिमीटरच्या जवळपास असली तर ती सुखद वाटते. ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की जबडा थकतो. टोकाची कड दातांना अडकण्याइतकी उंच हवी, पण तिचे कोपरे ओठांना बोचू नयेत. कापडाचा रुमाल त्या टोकावरून ओढून पाहावा. धागा अडकला तर तिथे साच्याची कड घासायची राहिली आहे.

स्टेम व्हल्कनाइटची आहे की अॅक्रिलिकची, यावर फार वाद घातला जातो. व्हल्कनाइट म्हणजे गंधकाने कडक केलेले रबर. ते दातांना मऊ लागते, पण उजेडात हिरवट-तपकिरी पडते आणि बेचव होते. अॅक्रिलिक कडक असते, रंग टिकवते, पडल्यास मात्र चटकन तुटते. ज्याला नियमित पुसपास करण्याचा कंटाळा आहे त्याने अॅक्रिलिक घ्यावे. या मुद्द्यावर पाइप नाकारू नये.

## टप्पा ६: बाहेरचे लाकूड

इथवर पोहोचलेल्या पाइपचे रूप आता खुशाल पाहावे.

ब्रायरच्या गाठीत नैसर्गिक खड्डे असतात. ते पुटीने भरून वरून गडद रंग दिला की स्वस्त गुळगुळीत पाइप तयार होतो. पुटीचे ठिपके तिरक्या उजेडात गुलाबट किंवा निस्तेज दिसतात, कारण त्यांच्यावर लाकडाच्या रेषा उमटत नाहीत. दांड्यावर किंवा बाउलच्या बाहेर असे दोन-चार ठिपके असले तर धुरावर काही परिणाम होत नाही, आणि त्यांच्यामुळे किंमत उतरली असेल तर आनंदच मानावा. काठावर मोठी पुटी असेल तर ती ज्योतीच्या उष्णतेने सुटू शकते. पुटी आणि चीर यांत गल्लत करू नये: पुटीचा ठिपका गोलसर किंवा वेडावाकडा असतो, चीर रेषेसारखी धावते आणि नखाला लागते. खोबणीच्या तोंडापासून निघालेली केसाएवढी चीरही पाइप नाकारायला पुरेशी आहे. टेनन घालता-काढताना ती वाढत जाते.

पृष्ठभागावर मेण असावे, काचेसारखे वार्निश नसावे. मेणाची चमक सौम्य असते आणि पुन्हा चढवता येते. जाड वार्निश बाउल व दांडा मिळतात त्या कोपऱ्यात साचलेले दिसते. उष्णतेने त्याला फोड येतात आणि मग तो पाइप कितीही पुसला तरी रोगट दिसतो.

खडबडीत कोरलेला किंवा वाळूच्या झोताने पोत काढलेला पाइप लोक दुय्यम समजून टाळतात, हे मला कधीच पटलेले नाही. बारीक खड्डे असलेला ठोकळा पुटीने झाकण्याऐवजी कारागिराने खड्ड्यांसकट वरचा थर काढून टाकलेला असतो. एकाच कारखान्याचा गुळगुळीत आणि खडबडीत असे दोन पाइप सारख्याच अंतर्गत मापांचे असतील आणि दुसरा स्वस्त असेल, तर दुसरा घ्यावा. मर्यादित पैशांत चांगली धूरवाट मिळवण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

## टप्पा ७: वापरलेला पाइप असेल तर

स्वस्त नव्या पाइपच्या किमतीत चांगल्या घडणीचा जुना पाइप मिळू शकतो, आणि वरचे सर्व टप्पे त्यालाही लागू आहेत. त्यांत तीन तपासण्या वाढतात. पोकळीतल्या काजळीचा थर साधारण १ ते १.५ मिलिमीटरचा असावा. तो फार जाड असेल तर आतल्या चिरा दिसत नाहीत आणि उष्णतेने फुगून तो बाउलही फोडू शकतो, म्हणून थर खरवडून दाखवायला सांगावे. काठ जळून आत झुकला असेल तर जळकेपणा किती खोल आहे हे नखाने दाबून पाहावे. शेवटी पोकळीचा वास घ्यावा: सुगंधी तंबाखूचा उग्र वास लाकडात मुरलेला असेल तर तो मीठ आणि शुद्ध मद्यार्काने कमी होतो, पण पूर्ण जाईलच असे नाही.

## टप्पा ८: निर्णय

आढळलेले दोष तीन गटांत मांडावेत. पुटी, साधी रेषा, रंगातला फरक, काळवंडलेली व्हल्कनाइट हे दिसण्यापुरते दोष आहेत. त्यांच्यावर घासाघीस करावी आणि पाइप घ्यावा. किंचित सैल किंवा घट्ट टेनन, थोडे उंच भोक, टोकाची बोचरी कड हे घरी सुधारता येणारे दोष आहेत. असा एखादाच दोष असेल तर चालेल, दोन-तीन एकत्र असतील तर पाइप नको. चीर, सरकलेली पोकळी, बाजूला गेलेले भोक, पातळ तळ, न जुळणारी धूरवाट यांपैकी एकही असेल तर किंमत पाहूच नये.

पाइप क्लीनर, तंबाखू दाबायचा टॅम्पर आणि लागत असल्यास फिल्टर यांचा खर्चही पाइपच्या किमतीत धरावा. बेरीज खिशाला जड वाटत असेल आणि सवय टिकेल की नाही याचीच खात्री नसेल, तर कमी दर्जाच्या ब्रायरपेक्षा मक्याच्या कणसाचा पाइप बरा. तो फार स्वस्त असतो, कोरडा धूर देतो आणि टाकून द्यावा लागला तरी चुटपुट लागत नाही.

## टप्पा ९: पहिल्या काही वेळांची परीक्षा

परत करण्याची मुदत, तसेच पेटवल्यानंतर दोष निघाल्यास विक्रेता काय करतो, हे विकत घेतानाच विचारून ठेवावे. पहिल्या काही वेळा पोकळी अर्धीच भरावी आणि सावकाश ओढावे. बाउल गालाला लावला असता सोसवत नसेल तर ओढण्याचा वेग जास्त आहे. पाइप विझू द्यावा आणि गार झाल्यावर पुन्हा पेटवावा. एका वापरानंतर किमान एक दिवस त्याला विश्रांती द्यावी. सुरुवातीचा कडवटपणा काही वापरांत उतरत गेला तर तो लेपाचा किंवा नव्या लाकडाचा होता. तो तसाच टिकला, ओढ संथ असूनही जीभ चुरचुरत राहिली, तर लाकूड नीट वाळवलेले नाही असे मानायला जागा आहे.

प्रत्येक वापरानंतर बाउल बाहेरून चहूबाजूंनी बोटांनी चाचपावा. बाकीचा बाउल कोमट असताना एकच जागा चटका देत असेल, किंवा तिथला रंग गडद होऊन फुगवटा येत असेल, तर आत लाकूड जळू लागले आहे. तत्काळ वापर थांबवावा, काजळी खरवडू नये, डागाचा आणि पोकळीचा फोटो काढावा आणि पाइप त्याच अवस्थेत विक्रेत्याकडे पाठवावा.